इलेक्ट्रिक गाडीमागे कॅरॅव्हॅन ओढता येईल का? (आणि मी ती बनवावी का?)

वेल्डिंगवाला | ११ जानेवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी.

सोलापुरात एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं छोटं शेड आहे. वीस वर्षं ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर आणि मंडपवाल्यांचे सांगाडे हेच केलं. मागच्या आठवड्यात ओळखीचे एक डॉक्टर शेडवर आले. त्यांनी नवी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेतलीय, ७५ युनिटची बॅटरी. म्हणाले, "अमेरिकेत गाडीमागे जोडतात तशी कॅरॅव्हॅन करून द्या. दोघं झोपतील एवढी जागा, एक ओटा, छोटा फ्रिज. थंडीत उजनीला पक्षी बघायला जाईन, उन्हाळ्यात कोकणात." मी हो म्हणून बसलो. चहा पाजला, मापं लिहून घेतली.

आता झोप येईना. ट्रॉली मला कळते. माल मागे जास्त पडला की गाडी कशी उलाळ होते, पिन कुठं झिजते, पाटे कधी बसतात, हे डोळे झाकून सांगेन. पण ते सगळं ट्रॅक्टरमागे, वीसच्या स्पीडनं. इलेक्ट्रिक गाडीमागे घर बांधून पुणे रोडला ऐंशीनं पळवलं तर बॅटरी किती खाणार?

आणि खरा प्रश्न असा की सगळं इलेक्ट्रिक होत चाललंय, त्यात मागे ओढायची गाडी राहणार की जाणार? पोरगं म्हणतं, "पप्पा, हेच पुढचं मार्केट." ते तर ड्रोनबद्दलपण तेच म्हणत होतं.

निवांत_मालक | ११ जानेवारी, रात्री ९:५२

मालक, आधी ॲडव्हान्स घ्या. बॅटरीचं नंतर बघू.

पाचवा गिअर | ११ जानेवारी, रात्री १०:१५

सरळ सांगतो, नाद करू नका. ओढायचं काम डिझेलचं. टाकी भरायला पाच मिनिटं लागतात आणि गाडी सोलापूर-पुणे-सोलापूर करून येते. इलेक्ट्रिकवाले रिकामी गाडी घेऊन निघाले तरी टेंभुर्णीच्या पुढे काट्याकडं बघत बसतात. त्यात मागे घर बांधायचं!

फताटेवाडीचा दिवा | ११ जानेवारी, रात्री १०:३१

@पाचवा गिअर, तुमचा धूर मागून निघतो, आमचा फताटेवाडीच्या वीज केंद्रातून. १३२० मेगावॅटचं चुलाण पेटवून ठेवलंय आमच्यासाठी.

मिशिगनची मावशी | १२ जानेवारी, सकाळी ७:०५

माहेर बाळीवेस, सासर आता मिशिगन. या विषयात आमचे हात पोळलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे २०२२ ची फोर्ड लाइटनिंग आहे, म्हणजे इलेक्ट्रिक पिकअप, मोठ्या बॅटरीची. बॅटरी १३१ युनिट, कागदावर रेंज ३२० मैल, म्हणजे सव्वापाचशे किमीच्या जवळ. कंपनी म्हणते १०,००० पौंड ओढा, म्हणजे साडेचार टन. आमचा ट्रेलर २४ फुटी, भरून पावणेतीन टनाच्या आसपास. ओढायला ताकद कमी पडली असं एकदाही झालं नाही. चढावर तर शेजारचे डिझेलवाले मागे राहतात, गिअर बदलायची धडपडच नाही. उतारावर ब्रेकऐवजी मोटरच गाडी धरते आणि बॅटरीत थोडं परत टाकते.

पण रेंज? पहिल्या प्रवासात १८० किमीला काटा लाल. पुढच्या वेळी हळू चालवून २१० मिळाले. शिवाय वाटेत कुणी शंभर टक्के चार्ज करत नाही, ऐंशीनंतर फार हळू भरतं. खाली दहा टक्के जिवाला घोर नको म्हणून राखायचे. हातात उरतात फार तर दीडशे किमी. आमच्या घरापासून मॅकिनॉच्या पुलापर्यंत साडेतीनशे किमी आहेत. पूर्वी एका दमात जायचो, आता दोनदा थांबतो.

आणि थांबणं म्हणजे नुसतं थांबणं नव्हे. चार्जर असतात पार्किंगच्या खाचांत, गाडी नाक घालून उभी करायची. मागचा २४ फूट ट्रेलर कुठं ठेवणार? मग तो आधी कडेला सोडायचा. चाकांखाली उटी लावायची, दांड्याचा जॅक खाली घ्यायचा, साखळ्या काढायच्या, वायर काढायची, स्थैर्याचे दोन बार उपसायचे (त्याचं ग्रीस हमखास बाहीला लागतं), मग गाडी चार्जरवर. पाऊण-एक तासानं पुन्हा उलट क्रम. एकदा पावसात आमचे हे रिव्हर्स घेत होते आणि मी मागे उभी राहून "डावीकडे, डावीकडे" ओरडत होते. त्यांचं डावं वेगळं, माझं वेगळं. चौथ्या प्रयत्नाला गाडीचा बॉल ट्रेलरच्या कपलरखाली आला तोवर आम्ही दोघं बोलत नव्हतो.

पेट्रोल पंपासारखा सरळ आत शिरून सरळ बाहेर पडायचा चार्जर मिळाला की सोनं. आता काही ठिकाणी होऊ लागलेत, पण अजून कमी.

एक चांगली गोष्टही सांगते. इथल्या कॅम्पग्राउंडवर बऱ्याच जागांना ५० अँपिअरचा सॉकेट असतो, ट्रेलरच्या एसीसाठी दिलेला. तोच गाडीला लावला की रात्रभरात ९० युनिट सहज भरतात. काही मालक यावर कुरकुरतात, काही जास्तीचे पैसे घेतात. पण मुक्कामालाच पंप असणं ही डिझेलवाल्यांना कधी न मिळालेली चैन आहे.

पाचवा गिअर | १२ जानेवारी, सकाळी ८:२०

मावशी, माझंच म्हणणं तुम्ही चार पानांत लिहिलंत. धन्यवाद.

मिशिगनची मावशी | १२ जानेवारी, सकाळी ८:२६

शेवटचा परिच्छेद वाचायचा राहिला वाटतं.

घर्षण | १२ जानेवारी, दुपारी १:१०

इथं बरेच जण वजनावर अडकलेत. सपाट रस्त्यावर वजन हा छोटा चोर आहे. मोठा चोर म्हणजे हवा.

वेग दुप्पट झाला की हवेचा रेटा चौपट होतो. कॅरॅव्हॅन म्हणजे मागे उभं धरलेलं कपाट. पोत्यांनी भरलेली ठेंगणी ट्रॉली आणि तितक्याच वजनाची उंच कॅरॅव्हॅन ऐंशीनं ओढून बघा, बॅटरीच्या आकड्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसेल.

डॉक्टरांच्या गाडीचं ढोबळ गणित मांडलं. माणूसभर उंचीची कॅरॅव्हॅन आणि ७०० किलो वजन धरून. नुसती गाडी ऐंशीनं नेली तर किमीला सुमारे ०.१४ युनिट, कॅरॅव्हॅन लावली की ०.३२. म्हणजे ७५ युनिटमध्ये कागदावर २३० किमी. तीच साठनं न्या, ०.२२ वर येते, ३३५ किमी. पाच-पंचवीस इकडंतिकडं होतील, पण कल लक्षात घ्या. वीसचा वेग सोडला तर शंभर किमी मिळतात.

@पाचवा गिअर, डिझेललाही हवा लागते बरं. ट्रेलर लावला की तुमचंही ॲव्हरेज घसरतं. ते तितकं जाणवत नाही याची दोन कारणं. एक, डिझेलच्या लिटरमध्ये दहा युनिट उष्णता असते, त्यातली साडेतीनच चाकाला पोचली तरी ८० लिटरची टाकी म्हणजे २८० युनिटचं काम. दुसरं गमतीचं आहे. हलक्या कामाला इंजिन उधळपट्टी करतं, ओझं पडलं की शहाणं होतं. मोटर आधीपासूनच शहाणी, तिला सुधारायला जागाच नाही. म्हणून तिची घट उघडी दिसते.

कडक भाकरी | १२ जानेवारी, दुपारी १:३४

म्हणजे आमच्या घरी हे आहेत इंजिन आणि मी मोटर. आत्ता समजलं.

भीमाकाठ | १२ जानेवारी, संध्याकाळी ७:४५

काय बे, कॅरॅव्हॅन कॅरॅव्हॅन लावलंय. सोलापूर जिल्ह्यात आत्ता ह्या घडीला रस्त्यावर काय ओढलं जायलंय? ऊस. एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या, वर गाणी, मागं लाइट नाही, रेडियम असलं तर नशीब. साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात किती हायत मोजा. ओढायच्या धंद्याचं भविष्य बघायचं तर तिथं बघा.

माझा स्वतःचा ट्रॅक्टर हंगामाला वाहतुकीवर असतो. शेत ते कारखाना पंचवीस किमी. जाताना भरून, येताना रिकामा. कारखान्यावर काट्याला नंबर लागतो, आठ तास, कधी बारा. ड्रायव्हर ट्रॉलीखाली झोपतोय. तेवढ्या वेळात ट्रॅक्टर नुसता उभा. तिथं चार्जर बसवला तर? आणि कारखान्यात भुश्श्यावर वीज तर बनतीच की. उसाच्या चिपाडावर उसाचीच गाडी. मला तरी हे डोक्यात बसतंय.

इलेक्ट्रिक ट्रॅक्टर आलेत आपल्याकडं, सोनालिकानं २०२० लाच काढला. कुणी वापरायलंय का?

घर्षण | १२ जानेवारी, रात्री ९:०२

@भीमाकाठ, धाग्यातला सगळ्यात कामाचा प्रतिसाद. वीसच्या वेगाला हवेचा रेटा नगण्य, तिथं खेळ वजनाचा आणि रस्त्याचा. दोन ट्रॉल्या, ट्रॅक्टर आणि ऊस मिळून २५ टन धरले, तर बऱ्या रस्त्याला जाताना किमीला १.३ ते १.४ युनिट. पंचवीस किमीला ३४, त्यावर तोटे. रिकामं परतायला आणखी १२-१३. फेरीला ५५ युनिट धरा.

तुम्ही म्हणता त्या ट्रॅक्टरची बॅटरी २५.५ युनिटची. भरलेल्या उसासकट अर्ध्या वाटेत बसेल. तो फवारणीला, छोट्या ट्रॉलीला. ऊस ओढायला बॅटरी किमान तिप्पट हवी. पण काट्यावरची आठ तासांची रांग म्हणजे फुकट मिळालेला चार्जिंगचा वेळ, हे पटलं. साध्या चार्जरनंही भागेल.

भीमाकाठ | १२ जानेवारी, रात्री ९:२०

रस्ता बरा धरलात तुम्ही. आमचा रस्ता बघायला या एकदा.

अवांतरसम्राट | १२ जानेवारी, रात्री ११:११

आषाढी वारीत दिंडीसोबत ट्रक, टँकर, तंबूचं सामान हे सगळं शतकानुशतकं (बरं, ट्रक नव्हते तेव्हा बैलगाड्या) चालत आलंय. मुक्काम हलता, स्वयंपाक हलता, झोपणं हलतं. अमेरिकेनं कॅरॅव्हॅनचं कौतुक आपल्याला सांगू नये. वेगही असा की @घर्षण यांचा हवेचा चोर उपाशी मरेल.

काळा कोट | १३ जानेवारी, सकाळी १०:४८

रंगाचा बेरंग करतो. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम ६१ वाचा. ट्रेलरची स्वतःची नोंदणी लागते, आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबर मागच्या ट्रेलरवर दिसला पाहिजे. एकूण वजन पाऊण टनापर्यंत असेल तर ट्रेलर टी-१ वर्गात, त्यापुढं साडेतीन टनांपर्यंत टी-२. वेल्डिंगवाले दादा, शेडमध्ये बनवून हातात दिली आणि डॉक्टर पुणे रोडला निघाले, असं होत नाही. आधी आरटीओत जाऊन कुठली मंजुरी, कुणाची चाचणी, हे लेखी विचारून घ्या.

दुसरं, डॉक्टरांच्या गाडीच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढायची परवानगी किती किलोची, तेही बघा. आयोनिक ५ सारख्या गाडीला युरोपात १६०० किलोपर्यंत ट्रेलर चालतो. तिकडं चालतो म्हणून इकडच्या पुस्तिकेत तसं लिहिलेलं असेलच असं नाही. पुस्तिकेत नसेल आणि अपघात झाला तर विमावाले पहिलं पान तेच उघडतील.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं, ते लक्षात आहे. पण धोरण निघालं म्हणून दांड्याची वेल्डिंग मजबूत होत नाही.

वेल्डिंगवाला | १३ जानेवारी, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार. गड्ड्याच्या जत्रेच्या गर्दीत अडकलो होतो, नंदीध्वज बघून आत्ता आलो.

वकीलसाहेब, पुस्तिका मागवतो. घर्षणसाहेब, तुमचं गणित शेडच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय.

मावशी, एक विचारायचं होतं. तिकडं दांड्यावर वजन किती ठेवतात? ट्रॉली उलाळ झाली की ट्रॅक्टरची मागची चाकं हलकी होतात. कारचं तर काय होईल?

मिशिगनची मावशी | १४ जानेवारी, पहाटे ५:३०

संक्रांतीच्या शुभेच्छा, तिळगूळ घ्या.

इथं सांगतात की ट्रेलरच्या वजनाच्या १० ते १५ टक्के दांड्यावर यावं. युरोपात कमी ठेवतात. मागे जड झाला तर ट्रेलर वेगात शेपटीसारखा डोलायला लागतो आणि गाडीलाही डोलवतो. तुम्ही म्हणता तीच उलाळ, फक्त शंभरच्या वेगातली. पाण्याची टाकी कुठं बसवता त्याकडे लक्ष द्या. आमच्या आधीच्या ट्रेलरची मागे होती, भरली की स्टिअरिंग हातात मऊ लागायचं.

बॅटरी_बंड्या | १४ जानेवारी, सकाळी ११:१७

इथं कुणीच मुद्द्याची गोष्ट काढली नाही. ट्रेलरलाच बॅटरी आणि मोटर द्या! एअरस्ट्रीमनं २०२२ मध्ये ई-स्ट्रीम नावाचा नमुना दाखवला होता, ८० युनिटची बॅटरी आणि स्वतःच्या मोटर. २०२३ मध्ये लाइटशिप नावाच्या कंपनीनं तसलाच ट्रेलर आणला. ट्रेलर स्वतःच पुढं ढकलतो, ओढणाऱ्या गाडीला वाटतं मागे काही नाहीच. पेबल नावाच्या कंपनीचा तर रिमोटवर स्वतः सरकून गाडीच्या हिचला (जोडणीला) येऊन लागतो. मावशींचा संसार वाचेल.

जर्मनीच्या डेथलेफ्स कंपनीनं असाच ट्रेलर २०२१ मध्ये ऑडीमागे लावून आल्प्स ओलांडले, गार्डा सरोवरापर्यंत ३८६ किमी, एका चार्जमध्ये.

पाचवा गिअर | १४ जानेवारी, सकाळी ११:४०

म्हणजे गाडीत ७५ युनिटची बॅटरी आणि ट्रेलरमध्ये अजून ८० ची. डॉक्टरांनी दवाखाना गहाण ठेवायचा का? लोखंडी पेटीच्या किमतीत बसत नाही भाऊ हे.

आणि बातमी वाचा. २०२५ च्या डिसेंबरात फोर्डनंच मावशींची लाइटनिंग बंद करायचं जाहीर केलं. पुढचं मॉडेल पोटात पेट्रोलचा जनरेटर घेऊन येणार. रॅम कंपनीनंही नुसत्या बॅटरीचा ट्रक रद्द करून तोच रस्ता धरलाय: ९२ युनिटची बॅटरी, वर पेट्रोलचं व्ही-६ फक्त वीज करायला. शेवटी आले ना घरी?

मिशिगनची मावशी | १४ जानेवारी, संध्याकाळी ६:५०

@पाचवा गिअर, घरी आले, पण ओसरीपर्यंतच. त्या गाड्यांत चाकं फिरवते मोटरच. इंजिन मागच्या खोलीत बसून जातं दळतंय. रोजचं शाळा-बाजार बॅटरीवर, ट्रेलर लावला की जनरेटर सुरू. मला विचाराल तर लांब पल्ल्याला जड ओढणाऱ्यांसाठी पुढची दहा वर्षं हेच. जवळच्या पल्ल्याला, ठरलेल्या रस्त्याला, नुसती बॅटरी. भीमाकाठ यांचा ऊस दुसऱ्यात मोडतो, माझी मॅकिनॉची फेरी पहिल्यात.

लाइटनिंग मात्र मी विकणार नाही. गेल्या हिवाळ्यात दिवसभर वीज गेली, तेव्हा गाडीवर घराची भट्टी, फ्रिज आणि माझा पोळ्यांचा तवा चालला.

निवांत_मालक | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:०१

विषय पोळ्यांवर आला. आता शेंगाचटणी येणार.

कडक भाकरी | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:०३

मावशी, तिकडं शेंगाचटणी उखळात कुटलेली मिळते का? की मिक्सरचीच?

मिशिगनची मावशी | १४ जानेवारी, संध्याकाळी ७:२२

बहीण पाठवते. कस्टमवाल्यानं डबा उघडून हुंगला होता एकदा. शिंकत गेला.

(मधले अकरा प्रतिसाद चटणीचे, वाचले नाहीत तरी चालतील. – भीमाकाठ)

घर्षण | १५ जानेवारी, दुपारी १२:४०

मूळ धाग्याकडं. वेल्डिंगवाले, एक सुचवतो. छत चढउतार होणारं करा. चालताना उंची गाडीच्या छताइतकी, मुक्कामाला वर उचला, बाजूनं ताडपत्री. गाडीच्या सावलीतच ट्रेलर राहिला तर हवेचा बराचसा चोर बाहेरच राहतो. वजन पाऊण टनाच्या आत आलं तर वकीलसाहेबांचा टी-१ पण साधतो. मंडपाचे सांगाडे तुम्ही करताच, उचलणारं छत तुम्हाला अवघड नाही.

वेल्डिंगवाला | २ फेब्रुवारी, रात्री ९:१५

उशीर झाला, माफ करा. काय झालं ते सांगतो.

पुस्तिका आली. डॉक्टरांच्या गाडीला ट्रेलर ओढायचा आकडा त्यात नाहीच. सगळी पानं मुलानं दोनदा चाळली. मी डॉक्टरांना सांगितलं, पुस्तिकेत लिहिलेलं नाही ते मी तुमच्या बंपरखाली वेल्ड करणार नाही. ते जरा नाराज झाले. तरी तोवर एक इंची पाइपचा खऱ्या मापाचा सांगाडा उभा केला होता, उचलणाऱ्या छतासकट, आतल्या पलंगाच्या जागी प्लायवूड टाकून. म्हटलं, बघून तरी जा.

रविवारी दोघंही आले. डॉक्टर आत जाऊन प्लायवर आडवे झाले, पाय बाहेर. वहिनींनी बाहेरूनच विचारलं, "बाथरूम कुठंय?" मी म्हटलं, पाऊण टनात बाथरूम बसत नाही. वहिनी म्हणाल्या, "मग मी कोकणात जाणार हॉटेलात. हे तुम्ही शेतावर ठेवा, हुरड्याला उपयोग होईल." त्यांचं शेत मंगळवेढ्याकडं, मालदांडी ज्वारीचं. शेतापर्यंत न्यायला त्यांच्या गड्याचा ट्रॅक्टर आहे.

तर ऑर्डर पक्की झाली, फक्त जरा बदलली. चार फूट लांब केली, बाथरूम बसवलं, छपरावर दोन सोलर पॅनल फ्रिजसाठी. नोंदणीचे कागद चालू आहेत. दांड्याला डोळा आहे ट्रॅक्टरच्या पिनच्या मापाचा. टाकी धुऱ्याच्या बरोबर वर घेतली, मावशी.

ॲडव्हान्स घेतला.

पाचवा गिअर | २ फेब्रुवारी, रात्री ९:२१

म्हणजे शेवटी डिझेलच ओढणार!

भीमाकाठ | २ फेब्रुवारी, रात्री ९:३०

वीसच्या स्पीडनं, पाचवा गिअर. तुमचा चौथा पण लागणार नाही तिथं.

मिशिगनची मावशी | ३ फेब्रुवारी, सकाळी ६:४८

रिव्हर्स घेताना मागे कोण उभं राहणार ते आधी ठरवा.